पाइपलाइन राखली कोणी?

पहिल्या महायुद्धात इराणचं तेल 'ब्रिटिश फौजेने वाचवलं' हे एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. मस्जिद सुलेमानच्या तेलविहिरी बख्तियारी टोळ्यांच्या मुलखात. तिथल्या खानांना ब्रिटिश तेलवाल्यांनी १९०५च्या करारातच राखणीचे पैसे आणि ३ टक्के शेअर कबूल केले होते. खाली, जिथे पाइपलाइनने तेल जायचं त्या अबादानच्या रिफायनरीकडे, मोहम्मरा शहराच्या शेख खझल या अरब सरदाराचा दबदबा. एवढं करूनही फेब्रुवारी १९१५मध्ये ब्रिटनशी लढणाऱ्या तुर्कांच्या चिथावणीने अरब टोळ्यांनी पाइपलाइन फोडलीच! सव्वादोनशे किलोमीटर नळावर पहारा तरी किती ठेवणार? त्यात इराण तटस्थ, पण विचारतो कोण. आणि नोव्हेंबर १९१४मध्ये इराकच्या किनाऱ्यावर फाव इथे उतरलेली ती 'ब्रिटिश' फौज म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पुणे डिव्हिजनची ब्रिगेड, तीत ११७वी मराठा पलटण. हीच डिव्हिजन पुढे इराकमधल्या कुट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ला कैदेत गेली. लेखात त्यांचा साधा उल्लेख नाही.