एक हात कीबोर्डवर, एक हात मिक्सरवर

आमच्या बँडमध्ये साऊंडवाला नाही. म्हणजे ठेवायचाय पण परवडत नाही, सोलापुरात होटगी रोडच्या बारवाल्याने जे पाकीट ठरवलंय त्यात ड्रमसेटचा टेम्पो निघतो आणि उरलेल्यात आम्ही. मग मिक्सर, म्हणजे सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करायची पेटी, कुणी बघायचा, तर मी, कारण मी कीबोर्ड वाजवतो आणि गायकाच्या मते कीबोर्डवाल्याचा डावा हात तसाही रिकामाच असतो. ड्रमरचे चारी हातपाय अडकलेले, गिटारवाल्याचे दोन्ही हात, गायकाचा एक माईकवर आणि दुसरा नुसता हवेत. तो हवेतला कुणाला दिसत नाही.

यातली खरी गोम अशी की मेन स्पीकर आमच्या पुढं असतात, तोंड पब्लिककडं, आम्हाला पाठ. ट्रेबल, म्हणजे बारीक टोकदार आवाज, सरळ पुढं जातो, बेस, म्हणजे जाड घुमणारा, मात्र चहूबाजूंनी पसरतो आणि मागं आमच्यापर्यंत येतो. त्यामुळं मला स्टेजवर सगळं शेजारच्या गल्लीतल्या वरातीच्या डॉल्बीसारखं घुमघुम ऐकू येतं. ते ऐकून मी ट्रेबल चढवला की पुढच्या टेबलावरचा माणूस कानात बोट घालतो आणि दुसऱ्या हाताने चकली खातो. म्हणजे ज्याला सगळ्यात वाईट ऐकू येतं त्याच्याच हातात नॉब!

यावर गिटारवाल्याचा उपाय ठरलेला, "स्पीकर मागं घे की बे, आपल्याला बी ऐकू येईल." घेतले. मग स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये, आणि अशी शिट्टी की किचनमधला आचारी बाहेर येऊन बघून गेला.

आणि शिट्टी वाजली की आमचा गायक काय करतो? माईकची जाळी मुठीत धरतो, म्हणजे आवाज दाबला जाईल असं त्याला वाटतं. त्या माईकला मागून जी फट असते ना, तिच्यामुळंच तो मागचा आवाज घेत नाही, ती झाकली की तो चारी दिशांचं ऐकायला लागतो आणि शिट्टी दुप्पट. मी उजव्या हाताने अंतरा वाजवतोय, डाव्या हाताने त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतोय आणि तोंडाने "जाळी सोड, जाळी सोड" ओरडतोय, लोकांना वाटतं कोरस चाललाय. गडी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या पाळणेवाल्यांच्या अनाऊन्समेंट ऐकत वाढलेला, त्यामुळं माईक ओठाला चिकटवून गातो, हे एका अर्थी बरंच, माईकचा आवाज मिक्सरवर कमी वाढवावा लागतो. पण वरचा सूर लागणार नाही असं दिसलं की हळूच माईक लांब नेतो आणि मग मान वळवून माझ्याकडं असं बघतो की आवाज मीच खाल्ला.

साऊंडचेक संध्याकाळी होतं, रिकाम्या हॉलमध्ये, खाली फरशी, बाजूला काचा, नुसता गुंजतो हॉल. मी मन लावून सगळं सेट करतो. नऊ वाजता माणसं भरतात, अंगं आणि कपडे ट्रेबल पिऊन टाकतात, वर बोलणं सुरू, एका टेबलावर कन्नड, एकावर तेलुगू, कोपऱ्यात प्लॉटचा व्यवहार. ते ऐकून ड्रमर जोरात, ड्रमर ऐकून गिटारवाला ॲम्प चढवतो, मग बेसवाला. सगळे मला म्हणतात कमी कर. कसं करू? ड्रमचा फेडर शून्यावर हाय, तो नुसता हाताने वाजतोय, त्याच्या हाताला नॉब नाही. मिक्सरला वाढवता येतं, ड्रमरला समजावता येत नाही.

शेवटी मी हॉलमधल्या वेटर अण्णांना धरलं, तुम्ही पुढून ऐका आणि खुणा करा. कान त्यांचा भन्नाट. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "त्यांचं तोंड हलतंय, शब्द ऐकू येईनात की ओ." अगदी बरोबर, गिटार आणि गाणं आवाजाच्या एकाच पट्ट्यात, मधल्या सुरांत, भांडत होते, गिटारचा मिड, म्हणजे तोच मधला पट्टा, थोडा कापला, शब्द मोकळे झाले. गिटारवाला अजून विचारतो, आज माझा टोन असा का येतोय.

घोटाळा फक्त खुणांचा. अंगठा वर म्हणजे वाढवा का झकास, हे ठरायच्या आत त्यांनी बार काऊंटरला दोन बोटं दाखवली आणि मी गायकाचा आवाज दोन घर चढवला. पाच नंबर टेबलने चार सोडे मागवले तेव्हा तर हॉल हादरला. आता ऑर्डर हाताने आणि साऊंड मानेने असं ठरलंय, गाण्यागणिक शंभरभर लोकांत मी एकटा वेटरची मान बघत वाजवतो.

परवा अण्णा म्हणाले पाकिटातून आमचं बी काहीतरी काढा. काढलं. ड्रमरपेक्षा जास्त दिलं, तेवढं त्याला सांगू नका.