वारस माहीत नाही म्हणजे वारस नाही असं होत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: एकटा माणूस गेला आणि वारस माहीत नसले तर सगळं सरकारजमा होतं, म्हणून नॉमिनीने किंवा सेवा करणाऱ्याने पैसे आधीच काढून घ्यावेत, 7 वर्षांत कोणी आलं नाही की वारसाचा हक्क संपला. हे खरं मानून साधी माणसं नंतर कोर्टाच्या फेऱ्यात अडकतात, म्हणून लिहितोय.

पहिलं, सरकारजमा. हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 29 लागू होतं ते एकही वारस नसेल तरच. आणि वारस म्हणजे फक्त बायकोमुलं नाहीत, पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग 1 (बायको, मुलं, आई वगैरे), मग वर्ग 2 (वडील, भाऊ-बहीण वगैरे), मग गोत्रज (फक्त पुरुषांकडून जोडलेले नातलग), मग भिन्नगोत्रज (मधे एखादी स्त्री आहे असे नातलग), नातं कितीही लांबचं असलं तरी चालतं, आतेभावाची नातसुद्धा उभी राहू शकते. वारस नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते, आणि 2017 मध्ये हरिद्वारच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कलेक्टर स्वतःच्या अधिकारात हे ठरवू शकत नाही.

नॉमिनी सहसा मालक नसतो. पैसे त्याच्या हातात येतात पण ते वारसांसाठी सांभाळायचे असतात, एलआयसीबद्दल 1984 ला आणि शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 ला सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीपासून आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात.

7 वर्षं कुठून आली? बहुतेक बेपत्ता माणसाच्या नियमातून. 7 वर्षं काही खबर नसेल तर तो मेला असं कोर्ट गृहीत धरतं, त्याचा वारसाच्या दाव्याशी संबंध नाही. बँकेत 10 वर्षं पडून राहिलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, तरी वारस नंतर बँकेकडे मागू शकतो आणि मृताचं नाव रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर (पडून राहिलेल्या ठेवी शोधायची वेबसाइट) शोधता येतं. घराचं मात्र वेगळं, कोणी उघडपणे 12 वर्षं ताबा धरून बसलं तर वारसाला जड जातं, तिथे उशीर करू नका.

आता सगळ्यात घातक सल्ला, पैसे काढून घ्या. मृताचं एटीएम कार्ड वापरलं, कपाटातले दागिने घरी नेले, तर भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 303 प्रमाणे तुम्ही मालमत्तेत हात घातला असं धरतात आणि कलम 304 प्रमाणे जेवढं घेतलं तेवढ्याचा हिशोब मालमत्तेच्या कायदेशीर व्यवस्थापकाला आणि मृताकडून ज्यांचे पैसे येणं आहे त्यांना द्यावा लागतो. पण अंत्यविधी करणं, वस्तू सुरक्षित ठेवणं यात येत नाही, हे कलम 303 मध्येच स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे शेजाऱ्यांनी घाबरून हात आखडता घेऊ नये. स्वतःचे पैसे घाला, पावत्या ठेवा, पोलिसांना बोलावून पंचनामा करा, कुलूप लावा. पत्रं, जुन्या डायऱ्या, फोनमधले नंबर फेकू नका, लांबचा भाचा बऱ्याचदा तिथेच सापडतो. कोणीच पुढे आलं नाही आणि मालमत्ता लुटली जाईल अशी भीती असेल तर राज्याच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलना (मृतांची मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी) कळवा, हायकोर्टाच्या आदेशाने ते ती ताब्यात घेऊन सांभाळू शकतात.