पोटासाठी बाटलेले?

नाताळ जवळ आला की कुणीतरी 'तांदळाच्या पोत्यासाठी ख्रिस्ती झालेले' हा आम्हा ख्रिस्ती लोकांवरचा विनोद व्हॉट्सॲपवर फिरवतंच. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारेही असतात. मग मागाहून खुलासा येतो, "अगं, तुला नाही गं म्हटलं, तू वेगळी आहेस." विनोदापेक्षा हा खुलासाच जास्त लागतो.

मुळात आम्ही नगरकडचे. आमच्या गावाकडे तांदूळ पिकतो कुठे? टोमणाच मारायचा तर ज्वारीच्या पोत्याचा तरी मारा. आणि पोटाचं म्हणाल तर १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, गावंच्या गावं खात होती. त्यांना कुणी बाटगं म्हटलं नाही. माझ्या खापरपणज्याने कुठल्याशा दुष्काळात मिशनच्या बंगल्यावर धान्य घेतलंही असेल. मला त्याची लाज नाही. ज्या गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्या गावाला वाटू दे.

फायदा म्हणता ना? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. असा हा आमचा फायद्याचा सौदा.

बाहेरच्यांचं एकवेळ सोसता येतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्यांचं काय करायचं? उपासना सुटली की एक बाई माझ्या कपाळाकडे बघत विचारतात, "टिकली अजून आहेच का?" शेजारी गौरींचं जेवले तर पुढच्या प्रार्थनासभेत "भरकटलेल्या बहिणीसाठी" विनंती. मूर्तीपुढचं अन्न खाऊ नये म्हणून बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढून दाखवतात. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की खाल्ल्या-न खाल्ल्याने देवापुढे आपलं काही वाढत नाही नि घटत नाही. (दुर्बळ भावाला ठेच लागू देऊ नका, असंही तिथेच आहे. पण त्या बाईंना दुर्बळ म्हणायची माझी छाती नाही.)

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नान्न करत गेली. पोटासाठीच बाटायचं असतं तर तेव्हा बाटल्या असत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला, आणि तोही कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता', 'सरस्वती' म्हणून गौरवल्यावर. पुण्याने त्यांना काय काय ऐकवलं ते बहुतेकांना ठाऊक आहे. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. पण वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनाही त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. ही बाई शाकाहार सोडत नाही, क्रॉसवर लॅटिन कशाला, संस्कृत का नको विचारते, पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्यावर वाद घालते, म्हणजे हिचा गर्व काही उतरलेला नाही! रमाबाईंनी त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिनना सरळ कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही. तरी ख्रिस्त सोडला नाही. पुण्याजवळच्या केडगावात शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या.

लोकांच्या बोलण्याला कंटाळून चर्च सोडलेले माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला मात्र रमाबाईंचा हट्ट पटतो. बोल लावणाऱ्यांनी मला विश्वास दिला नव्हता, मग त्यांच्या सांगण्यावरून मी तो टाकू कशाला?

"उत्तरं कशाला देतेस, दुसरा गाल पुढे कर," असं घरचे म्हणतात. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचा. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही. वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मारतोस का, असं त्याने विचारलं. येत्या रविवारी मीही त्या बाईंना विचारणार आहे की टिकलीत नेमकं काय वाईट, ते वचन काढून दाखवा.