पहाटे सेल्फ ओढला नाही, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

"ऑइल बदलून चार दिवस झाले नाहीत तोच गाडी पहाटे उभी राहिली, ऑइल डुप्लिकेट आहे," असं तुम्ही लिहिलंय. पारा उणे २२ वर होता आणि सेल्फ ओढत नव्हता, हेही लिहिलंय. बरं झालं, त्यावरूनच दुखणं सापडतं. सेल्फ जोरात फिरून गाडी धरली नसती, तर मी आधी डिझेल गोठलंय का आणि फिल्टरमध्ये मेण साचलंय का ते बघितलं असतं. सेल्फच जड फिरतो म्हणजे ऑइल नाहीतर बॅटरी.

ऑइल अस्सल होतं, सीलबंद कॅन तुमच्या ड्रायव्हरसमोर उघडला. पण त्या थंडीसाठी ते योग्य नव्हतं आणि ती चूक आमची. गाडी नेहमीची, म्हणून पोरानं नेहमीचं १५ डब्ल्यू ४० भरलं. या खेपेला गाडी रात्री कुठं उभी राहणार, हे कोणी विचारलंच नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीतला. १५ डब्ल्यू ऑइल सेल्फला किती जड जातं याची चाचणी उणे २० ला होते, ५ डब्ल्यूची उणे ३० ला. तुम्ही त्या रेघेच्या पलीकडे गेला होतात. त्यात एवढ्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, म्हणून तुमची बॅटरीही तपासणार आहे. सगळं खापर एकट्या ऑइलवर फोडता येणार नाही.

"पातळ ऑइलनं इंजिन खाल्लं जाईल" ही भीती मी रोज ऐकतो. शेवटचा ४० हा आकडा गरम इंजिनातला. ५ डब्ल्यू ४० असो की १५ डब्ल्यू ४०, १०० अंशाला दोघांनाही १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (ऑइलचा घट्टपणा मोजायचं माप) याच पट्ट्यात राहावं लागतं. फरक पहाटेचा. गार, घट्ट ऑइल वर टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ बेअरिंग जवळजवळ कोरडं फिरतं. खरी झीज तिथं होते.

आता घाईचं. मित्राच्या सांगण्यावरून एफए-४ (डिझेल इंजिनाच्या ऑइलचा एक वर्ग) लिहिलेलं १० डब्ल्यू ३० आणलंय आणि तेच टाकणार, असं शेवटी लिहिलंय तुम्ही. कृपा करून टाकू नका. थोडं टॉपअप म्हणूनही नको. एफए-४ हा वर्ग डिसेंबर २०१६ मध्ये आला, तो नव्या, ठरावीक इंजिनांसाठी. गरम इंजिनात दाब आला की त्याचा थर मुद्दामच पातळ ठेवलेला असतो, डिझेल वाचावं म्हणून. तुमचं इंजिन त्याआधीचं. कंपनीच्या पुस्तकात एफए-४ चालेल असं लिहिलेलं नसेल तर तो डबा परत करा. त्याच वेळी आलेला सीके-४ हा वर्ग जुन्या इंजिनांनाही चालतो.

५ डब्ल्यू ४०, सीके-४, फिल्टरसकट आम्ही आमच्या खर्चानं भरून देऊ. गाडीचं पुस्तक तेवढं घेऊन या, कंपनीची मंजुरी बघूनच कॅन फोडतो. बिलावर ग्रेड आणि वर्ग लिहून देऊ, तोही या वेळी राहिला होता. आणि गाडी चालवतच आणा, इंजिन गरम हवं. गार ऑइल चेंबरमधून नीट उतरत नाही, घाण आतच राहते.