आमचा नकाशा ग्राह्य नाही, पण ढापायला चालतो

डोकं फिरलंय, आणि आज हे लिहून काढणारच आहे.

आमच्या पालिकेने पादचारी सुविधांचा आराखडा म्हणून एक जाडजूड पीडीएफ वेबसाइटवर टाकली. सल्लागार नेमला, निविदा काढली, बिलं निघाली. त्यातलं आमच्या प्रभागाचं पान उघडलं आणि बघतच राहिले. मारुतीच्या देवळामागे एक बोळ आहे. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती म्हणून सगळे त्याला गिरणीचा बोळ म्हणतात. कुठल्याही सरकारी कागदावर हे नाव नाही, तिथे तो नुसता डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता आहे. हे नाव नकाशावर आलं ते मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, टाइप केलं म्हणून. आणि सल्लागाराच्या ‘प्रत्यक्ष सर्वेक्षणात’ जसंच्या तसं लिहिलंय: गिरणीचा बोळ. रंग तेच, पायवाटांच्या तुटक रेषा त्याच. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यातली श्रेयाची ओळ कापून टाकलेली. ओपनस्ट्रीटमॅप कोणीही फुकट वापरू शकतं, व्यवसायासाठीसुद्धा. पहिली अट ही की योगदानकर्त्यांचा उल्लेख करायचा. तेवढाही यांच्याकडून होत नाही. आयत्या बिळावर नागोबा!

आता खरा संताप कशाचा ते सांगते. हाच नकाशा घेऊन आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो होतो. आमच्या भागातली काही माणसं, एक निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं, डबे पोचवणाऱ्या एक ताई, रविवारी सकाळी टेप घेऊन फुटपाथ मोजत फिरलो होतो. रुंदी किती, पेव्हर ब्लॉक उखडलेत का, कडेचा दगड किती उंच, उतार आहे की नाही, झाडाचा पार कुठे आडवा येतो, सगळं. बसथांब्याजवळ विजेचा डीपी बॉक्स आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये टेप लावली तर जागा भरली ५५ सेंटिमीटर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ हे मानक सांगतं की चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. ५५ सेंटिमीटरमधून व्हीलचेअर जात नाही, लेकराला कडेवर घेतलेली बाईसुद्धा अंग तिरकं करून जाते. मग सगळे रस्त्यावर उतरतात आणि मागून बस येते.

साहेबांनी प्रिंटआउटकडे धड बघितलं नाही. म्हणाले, “मॅडम, हा नकाशा अधिकृत नाही. कोणीही काढलेला आहे, उद्या कोणीही काहीही टाकेल. ग्राह्य धरता येत नाही.”

कोणीही टाकू शकतं हे खरंच आहे, आणि कोणीही दुरुस्तही करू शकतं! प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुठल्या खात्यावरून, काय, कधी बदललं. शंका असेल तर उघडून बघा, नाहीतर टेप घेऊन चला आमच्याबरोबर. तुमच्या अधिकृत नकाशावर चूक असेल तर ती सांगायची कुणाला? ज्या विहिरीवर बिल्डिंग उभी राहिली ती विहीर तुमच्या कागदावर अजून आहे. ज्या रस्त्याने आम्ही रोज जातो तो तुमच्याकडे ‘प्रस्तावित’ आहे. असा नकाशा ग्राह्य, आणि पायाने चालून केलेला अग्राह्य. मग सल्लागाराच्या पीडीएफमध्ये शिरल्यावर तोच ग्राह्य कसा झाला? मधे काय बदललं, बिलाशिवाय?

वर ऐकवतात की ॲपवर तक्रार टाका. टाकली. फोटो, लोकेशन, सगळं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ डीपी बॉक्स जागच्या जागी. आणि शेजारच्यांनी त्याच जागेची तक्रार केली होती का, हे मला दिसत नाही. कुठल्या चौकात लोक पुन्हा पुन्हा ओरडतायत, कुठल्या गल्लीतलं चेंबर दर पावसाळ्यात उघडं असतं, याचा नकाशा त्या तक्रारींमधूनच तयार होईल. लोकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटापॅकवर गोळा करून दिलेली माहिती आहे ती. पण ती आत जाते आणि पुरली जाते.

लोकांनी काढलेला नकाशा कामाचा असतो, हे जगात केव्हाच सिद्ध झालंय हो. ब्रिटनमधले सरकारी नकाशे महाग आणि जाचक अटींचे होते, म्हणून स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाच हाताशी नव्हता. जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाच्या छायाचित्रांवरून गल्ल्या काढल्या आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. इतकं लांब कशाला, २०१५ च्या चेन्नईच्या पुरात लोकांनी याच नकाशावर कुठला रस्ता पाण्याखाली आहे ते एकेक करून खुणावलं. संकटात जे चालतं ते एरवी सोमवारी कार्यालयात का चालत नाही?

आणि संकट काय, आपल्या दारातच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. ओढा कुठून वाहायचा, कुठे त्यावर स्लॅब पडला, कुठल्या मोरीत गाळ साठून पाणी मागे फिरतं, हे तिथे तीस-तीस वर्षं राहणाऱ्यांना तोंडपाठ असतं. कुठल्याही शहरात असतं. त्यांना कोणी विचारत नाही. उपग्रहाला स्लॅबखालचा नाला दिसत नाही, तो म्हातारीलाच माहीत असतो, कारण तिच्या घरात पाणी शिरलेलं असतं. शौचालयांचंही तेच. नकाशावर टिंब आहे, पण बायकांची बाजू उघडी आहे की कुलूप, पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का, हे तिथे जाणारी बाईच सांगू शकते. ही माहिती नोंदवायची सोय या नकाशावर आहे. फक्त घेणारं कोणी नाही.

नियमांचं कारण तर सांगूच नका. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४: सरकारी कार्यालयांनी माहिती कोणी मागायची वाट न बघता स्वतःहून प्रसिद्ध करायची. सरकारी डेटा लोकांना खुला करायचं २०१२ चं केंद्राचं धोरण आहे. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशांवरची परवानग्यांची जुनी जाचक व्यवस्था मोडीत काढली, म्हणजे नकाशे काढणं हा काही गुन्हा राहिलेला नाही. तरी आमच्या हातात काय पडतं? स्कॅन केलेली पीडीएफ, तीही तिरकी, अक्षरं पुसट. त्यातून एक रेषा उचलून संगणकावर वापरता येत नाही.

आपल्या लोकांवरही राग आहे. खाजगी कंपनीच्या नकाशावर हौसेने फोटो, दुकानांच्या वेळा, रस्ते भरत बसतात, पॉइंट मिळाले की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. तो डेटा कंपनीचा झाला. उद्या तुमच्याच वॉर्डाचा सगळा डेटा उतरवून घ्यायचा म्हटलात तर मिळणार नाही. तेवढेच कष्ट खुल्या नकाशावर केले तर शेजारच्या शाळेतल्या पोरालाही वापरता येतील. हे किती वेळा सांगायचं!

पुढच्या महिन्यात प्रभाग समितीची बैठक आहे. तिथे पीडीएफचं ते पान आणि आमचा नकाशा शेजारी शेजारी ठेवणार आहे. श्रेयाची ओळ परत लावा. सर्वेक्षणाचे पैसे आमचे आहेत, तर मोजमापाची मूळ फाइल द्या, पीडीएफ नको. तक्रारींची यादी नाव-नंबर काढून ठिकाणासकट दर महिन्याला खुली करा. पुढच्या निविदेतच लिहा की जमा होणारा डेटा खुल्या परवान्यात जाईल. आणि तो डीपी बॉक्स कधी हलवणार, याची तारीख इतिवृत्तात लिहून द्या. लिहून दिल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही.