सैल नालेत घरचा खिळा ठोकू नका

‘नाल सैल झाली? नालबंदाची वाट कशाला बघता? घरच्या घरी पाच मिनिटांत काम करा!’ असा मेसेज सध्या धुळे-नंदुरबारकडच्या घोडेवाल्यांमध्ये फिरतोय. त्यातले सल्ले असे: घरातला कुठलाही खिळा जुन्याच भोकात ठोका, खुराला वेदना नसते. नाहीतर फेविक्विक भरा. नाल काढायचीच असेल तर सांडशीने पुढून धरून ओढा. वरून जळकं ऑइल लावा. आणि घोडा काळा असेल तर काहीच करू नका, नाल आपोआप पडू द्या, शनीसाठी तीच सर्वांत गुणकारी.

शहाद्याकडे माझा आतेभाऊ वरातीची घोडी ठेवतो. हा मेसेज वाचून त्याने मला फोन केला, “दादा, ठोकी देऊ का?” हातात सुताराकडून आणलेला खिळा होता. त्याला मी थांबवलं. पण हेच वाचून बाकीचे किती जण हातोडा उचलत असतील, या विचाराने संताप येतो, म्हणून हे लिहितोय.

नालबंद मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. टांगे बंद झाले तसे गावोगावचे नालबंदही कमी झाले. जे उरलेत त्यांतले बरेच दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत असतात, आणि मार्गशीर्षातल्या लग्नाच्या तिथीही तेव्हाच. माणूस अडतो, मान्य. पण अडला म्हणून जनावराच्या पायात काहीही ठोकायचं का?

आधी तो खिळा. नालेचा खिळा चपटा असतो आणि त्याचं टोक एका बाजूने उतरतं घडवलेलं असतं. त्या उतारामुळे आत शिरताना तो बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीतून साधारण दोन सेंटिमीटर वर बाहेर येतो. नालबंद ते टोक कापून मुरडतो, त्या मुरडीवर नाल टिकते. सुताराच्या गोल खिळ्याला असा उतार नसतो, तो सरळ वर घुसतो. खुराची भिंत पुढे जेमतेम सेंटिमीटरभर जाड, टाचेकडे त्याहून पातळ, आणि तिच्या आत लगेच जिवंत, रक्ताने भरलेला थर. शिवाय ‘जुनंच भोक’ मोठं झालेलं असतं, म्हणून तर नाल हलते. ते घट्ट बसावं म्हणून माणूस आणखी जाड खिळा घेतो. खिळा आतल्या थरात घुसला नाही, नुसता चेपून बसला, तरी एक-दोन दिवसांत घोडा लंगडतो. घुसला तर आत पू होतो.

‘खुराला वेदना नसते, ते नखासारखं असतं’ हे अर्धं खरं आहे. बाहेरच्या भिंतीत नसा नसतात, नाहीतर नालबंदी करताच आली नसती. पण नखाखाली काटा गेला तर काय होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल?

आणि पू ही त्यातली लहान गोष्ट. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतच असतात. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल हा जगभरचे पशुवैद्य वापरतात तो ग्रंथ सांगतो की जनावरांमध्ये धनुर्वाताचा सर्वाधिक धोका घोड्याला असतो, लक्षणं सरासरी 10 ते 14 दिवसांनी दिसतात आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 80 टक्के आहे. म्हणजे खिळा ठोकला तेव्हा घोडी चालली, वरातीत नाचली, सगळे खूश. दीड आठवड्यानंतर पाय ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी डोळ्यावर येतेय, जबडा उघडत नाही. तोवर त्या खिळ्याची आठवणही कुणाला राहत नाही.

फेविक्विकचंही याच कारणाने नाव काढू नका. हे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात आणि तुम्ही घाणीने भरलेलं भोक वरून बंद करताय. जळक्या ऑइलने खूर मजबूत होत नाही, उलट जखम असेल तर ती दिसेनाशी होते.

काळ्या घोड्याबद्दल एवढंच: ज्याची श्रद्धा आहे त्याने नालबंदाने काढलेली नाल दाराला लावावी. पडण्याची वाट बघत सैल नालेवर घोडा चालवला की नाल फिरते, तिचे खिळे वर होतात, आणि घोडा आपल्याच वजनाने त्यांवर पाय देतो. नाल उपटली तर भिंतीचा टवका सोबत येतो, मग पुढची नाल बसवायला जागाच उरत नाही. शनीची पीडा टाळायला जनावराला पीडा द्यायची, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? नाल थोडीच हलतेय, जागेवरून सरकलेली नाही, तर तिला हात लावू नका. घोडा मऊ, कोरड्या जागी बांधा, नालेसकट खुरावर जाड चिकट टेप गुंडाळा आणि नालबंद येईपर्यंत डांबरी रस्त्यावर नेऊ नका. नाल फिरली किंवा खिळा तळव्याला लागत असेल तरच काढा, तीही पुढून ओढून नाही. आधी मुरडलेली टोकं कानशीने घासून मोकळी करा. मग पकड टाचेकडून घालून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, थोडी थोडी पुढे आणि आतल्या दिशेने उचला. घट्ट खिळे एकेक करून काढा. प्रत्येक खिळा बघा: ओला, काळा किंवा रक्ताळलेला असेल तर ते भोक डॉक्टरांना दाखवा. नंतर खूर साफ करून कापूस किंवा लहान मुलाचा डायपर बांधा, वरून टेप. हे कधी केलेलं नसेल तर पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करा.

तळव्यात खिळा रुतलेला दिसला तर शक्यतो उपटू नका. किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलाय, हे डॉक्टरांना तो जागेवर असतानाच नीट कळतं. घोडा त्यावर पाय देऊन तो आणखी आत घालतोय, असं असेल तर काढा आणि जागेवर खूण करा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करा. धनुर्वाताची लस कधी दिली होती, हे डॉक्टर पहिलं विचारतील, तेव्हा ती तारीख वहीत लिहून ठेवा. आणि वरातीची सुपारी घेतलेली असली तरी लग्नघरी आताच कळवा, ते दुसरी घोडी बघतील.