खुलासा : पेंडंट (लोंबता) दिवा सीलिंगच्या टाइलवर टांगू नका

चवथीच्या तोंडावर पणजी-म्हापशातल्या दुकानदारांत एक संदेश फिरतोय : 'फॉल्स सीलिंगच्या टाइलला भोक पाडा, वायर ओवून वर गाठ मारा. दिवा हलका असला की काही होत नाही.' हे साफ चुकीचं आहे. कृपया पुढे पाठवू नका.

६०० बाय ६०० मिलिमीटरची मिनरल फायबर टाइल टी-सेक्शनच्या (सीलिंगच्या चौकटीतल्या टी आकाराच्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडांवर नुसती टेकलेली असते. स्वतःचं वजन पेलणं एवढंच तिचं काम. त्यात आपला गोव्याचा पावसाळा! रात्रभर एसी बंद असलेल्या दुकानात ती दमट हवा शोषते, मध्यभागी पोट सुटल्यासारखी खाली येते, भोकाच्या कडा भुसभुशीत होतात आणि गाठ तिथूनच निसटते. वायरवर ताण आला की टर्मिनलमधल्या (वायर जोडतात त्या जागेतल्या) तारा सैल होऊन ठिणगी उडू शकते. मला खरी भीती हीच वाटते, कारण सीलिंगच्या वर काय जळतंय ते खाली लवकर कळत नाही.

भार थेट स्लॅबवर गेला पाहिजे. स्लॅबला अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट), त्याला थ्रेडेड रॉड (आटे असलेली सळई) किंवा स्टीलची दोरी. टाइलमधलं भोक फक्त हे आणि वायर आरपार जाण्यापुरतं. वायरची जोडणी बंद जंक्शन बॉक्समध्ये (वायरचे जोड झाकणाऱ्या डबीत). कळंगुट-कोलव्याच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं, तिथे स्टेनलेसच वापरा. जुन्या कौलारू घरातल्या दुकानाला स्लॅब नसतो. तिथे भक्कम तुळई निवडा, पण वाळवी लागलेली नाही ना, हे आधी ठोकून बघा. काम परवानाधारक वायरमनकडूनच, एमसीबी (वीज तोडणारा मुख्य खटका) बंद करून.